आठवड्याचे त्र्याण्णव तास

मंगळवार, १२ एप्रिल २०१६

ही वही नोएलियाने दिली. दवाखान्यातली मानसतज्ज्ञ ती, पण मला शाळकरी पोरगीच वाटते. आज तिने आठ घरांतल्या माणसांना गोल बसवलं. प्रत्येकाच्या घरी एक आजारी माणूस. पण आजारी माणसांना बोलावणं नव्हतं. म्हणजे गोळ्या त्यांना आणि शाळा आम्हाला. असे चौदा मंगळवार भरणार.

माझा लीबेर बावीस वर्षांचा. राजधानीला, मोन्तेविदेओला, जमीनमोजणी शिकायला गेला आणि दुसऱ्या वर्षी खोलीच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवून आत बसला. भिंतीपलीकडची माणसं आपल्याला नावं ठेवतात म्हणाला. भिंतीपलीकडे नुसता जिना होता. दोन वर्षांत दोनदा इस्पितळात राहून आला, दुसऱ्यांदा आत्ता मार्चमध्ये. आता इथे मेर्सेदेस गावात घरी आहे आणि मी त्याच्याजवळ आहे. दोन वर्षांत मी बेकरीच्या पुढे गेलेली नाही.

नोएलिया म्हणाली, "गोळ्या त्यांचं काम करतात. पण ज्या घरात आजारी माणसाच्या मागे सतत कुणी ना कुणी लागलेलं असतं, मग ते रागानं असो की काळजीनं, तिथे हा आजार लवकर उलटतो. बऱ्याच देशांत पाहिलंय हे. घरच्यांनी थोडं शिकून घेतलं तर उलटणं कमी होतं."

"बंद होतं?" मी विचारलं.

"कमी होतं."

"म्हणजे आमच्यामुळेच होतं तर."

"नाही, एलिदाबाई. आग तुम्ही लावलेली नाही. पण तिला वारा घालायचा की नाही, हे आपल्या हातात असतं."

बोलायला हिचं काय जातं? हिला मूल असतं म्हणजे कळलं असतं.

मग एक कागद भरायला दिला. आजारी माणसासमोर आठवड्याचे किती तास असता? मी प्रामाणिकपणे बेरीज केली. त्र्याण्णव. कागदावरचा शेवटचा चौकोन 'पस्तीसपेक्षा जास्त' असा होता. शेजारचा बाल्दोमेरो वाकून बघत होता. मोठ्याने म्हणाला, "त्र्याण्णव! अहो बाई, चाळीस वर्षांच्या संसारात मी बायकोसमोर एवढा बसलो नाही." सगळे हसले. बायको आजारी असून हा माणूस हसू शकतो.

वहीत काय वाटेल ते लिहा, कुणी तपासणार नाही, असं ती म्हणाली. मी लीबेरची लक्षणं लिहायचं ठरवलंय.

शनिवार, २३ एप्रिल

आर्तेमियो आला. आठवडाभर निलगिरीचे ओंडके भरून ट्रक चालवतो, शनिवारी घरी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. बाप आणि लेकाने अंगणात ट्रक धुतला. मी खिडकीशी उभी होते. लीबेर पाण्याच्या नळीशी खेळत हसला. कशाला हसला ते मला दिसलं नाही. लिहून ठेवलं.

जेवताना मी म्हटलं, "लीबेर, हळू जेव. मांस नीट चावून खा."

आर्तेमियोने काटा खाली ठेवला. "अगं, त्याच्याऐवजी तूच चावून दे ना. पोराला श्वास तरी घेऊ देशील की नाही?"

"तू शनिवारचा बाप आहेस," मी म्हटलं. "सोमवार ते शुक्रवार इथे राहून बघ."

लीबेर उठून खोलीत गेला. सात मिनिटं थांबून मी त्याच्या दाराशी गेले.

गोळी घेतल्यावर तो रोज स्वतःच तोंड उघडून जीभ वर करून दाखवतो. मी कधी सांगितलं नव्हतं, इस्पितळात लागलेली सवय आहे. आज म्हणाला, "बघून घे, म्हातारे. हवं तर दातही मोज." चेष्टेत म्हणाला. पण डोळे चेष्टेचे नव्हते.

बुधवार, ४ मे

नोएलियाने काम दिलंय. दर बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते पाच घराबाहेर राहायचं. बाजारहाट करायचा नाही, औषध आणायचं नाही. "स्वतःसाठी काहीतरी करा." मी विचारलं, उदाहरणार्थ? ती म्हणाली, "आधी काय आवडायचं तुम्हाला?" मला एकदम काही आठवेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, शिवण. शिवण तर मी घरातच करते.

तीन वाजता कोट घालून निघाले. चौकापर्यंत गेले, चर्चला वळसा घातला. वीस मिनिटं झाली. मग पाय आपोआप मागे वळले. आमच्या गल्लीच्या टोकाला कुलूप लागलेलं लोखंडी सामानाचं दुकान आहे, त्याच्या ओट्यावर उभी राहिले. तिथून आमची पुढची खिडकी दिसते. पडदा हलला नाही. पाचपर्यंत उभी होते. घरी आले तेव्हा लीबेर टेबलाशी बसून येर्बाच्या पाल्याचा कडू काढा नळीने ओढत होता. गाल लाल होते.

"कुठे जाऊन आलीस?"

"नदीवर. छान वारा होता."

"हो," तो म्हणाला, "होता." त्याला घरात बसून कसं कळलं?

नोएलियाच्या कागदावर मी 'दोन तास, बाहेर' असं लिहिलं. खोटं नाही. ओटा घराबाहेरच आहे.

मंगळवार, १७ मे

आज बाल्दोमेरोने एक विषय काढला. तो नदीकाठच्या वल्ह्यांच्या क्लबात होड्या दुरुस्त करतो. "बाई, तुमचा पोरगा द्या मला. होड्या घासायच्या, रंग द्यायचा. आम्ही चार म्हातारे वल्ही मारायला आहोत, पण मागे बसून सुकाणूच्या दोऱ्या धरून हाका देणारा कुणी नाही. आमचा सिक्स्तो वारला तेव्हापासून चौघे चार दिशांना ओढतो."

नोएलियाला हे फार आवडलं. मला नाही. इथे मे म्हणजे थंडीचे दिवस, खोल पाणी, अनोळखी माणसं. पण सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार? होड्या घासायला पाठवीन म्हटलं. पाण्यात मुळीच नाही.

शुक्रवार, २० मे

लीबेरचा क्लबातला तिसरा दिवस. मी बरोबर जाते, धक्क्यावरच्या बाकावर विणकाम घेऊन बसते. कुणाला त्रास देत नाही. आज लीबेरच्या गळ्यात मफलर नव्हता म्हणून फक्त एकदा उठून गेले. वल्ही मारणाऱ्या पोरांतला एक ओरडला, "ए लीबेर, तुझी नर्स आली!" लीबेरने मफलर घेतला, त्याची नीट घडी केली आणि तो रंगाच्या डब्यावर ठेवला.

घरी येताना रस्ताभर माझ्या दहा पावलं पुढे चालला. दारात म्हणाला, "मी उद्यापासून जाणार नाही."

वाईट वाटलं त्याच्यासाठी. आणि खरं लिहायचं तर छातीवरून काहीतरी उतरलं. परवापासून नीट झोप लागली नव्हती.

मंगळवार, ३१ मे

नोएलियाने विचारलं, लीबेरने क्लब का सोडला. मी म्हटलं, जमलं नाही त्याला. बाल्दोमेरो छताकडे बघत होता. नवल म्हणजे एरवी हा प्रत्येक गोष्टीवर बोलतो.

आज धोक्याच्या खुणांची यादी केली. प्रत्येक घराची वेगळी. झोप उडणं, एकट्याने पुटपुटणं, गोष्टी लपवणं. नोएलिया म्हणाली, "खूण दिसली की पहिलं काम म्हणजे त्या माणसाला सरळ विचारणं. पाळत नाही. विचारणं."

लीबेरला विचारलं तर तो 'काही नाही' म्हणणार. आणि 'काही नाही' म्हणणं हेच तर पहिलं लक्षण होतं, मोन्तेविदेओहून फोनवर सहा महिने तो तेच म्हणायचा. हे तिला कसं सांगू? मी तेव्हा विश्वास ठेवला होता. बरं आहे ना बाळा? काही नाही, आई, बरं आहे. आणि खिडक्यांना कागद.

बुधवार, १५ जून

ओट्यावर उभी होते. नणंद देइसी तिथून चालली होती. आमच्या मागच्या अंगणाला लागून तिचं घर. थांबली, माझ्याकडे बघितलं, मग आमच्या खिडकीकडे.

"वहिनी, थंडी किती आहे. पडद्याकडे बघून बघून डोळे नाही दुखत?"

"तू तुझ्या वाटेनं जा."

"जातेय. पण एक सांगू? पिंजऱ्याबाहेर उभं राहून पहारा करणाऱ्यालाही पावसात भिजावंच लागतं."

हिला मूलबाळ नाही, म्हणून म्हणी सुचतात. वर हसत गेली.

आज लीबेरच्या बुटांना चिखल होता. विचारलं नाही. लिहून ठेवलं.

मंगळवार, २८ जून

खुणा जमत चालल्यात. चिखल, दर बुधवारी आणि शुक्रवारी. अंगाला ओल्या लाकडासारखा वास. सकाळी खोलीचं दार लोटून आत पुटपुटतो. आज दाराला कान लावला. शब्द स्पष्ट ऐकले: "ओढा... सोडा... अजून दहा... माझं ऐका, फक्त माझं ऐका..."

पूर्वी तो आवाजांचं ऐकायचा. आता आवाजांना हुकूम देतोय.

शाळेत हे सांगायला गेले, तर नोएलिया रजेवर, पुढच्या मंगळवारी येणार. बदलीवरच्या बाईने नाव लिहून घेतलं आणि सोमवारी डॉक्टरांना दाखवा म्हणाली.

शुक्रवार, १ जुलै

त्याच्या तळहातांवर वळ आहेत. दोन्ही हातांवर, दोरीचे. पाव घ्यायला हात पुढे केला तेव्हा दिसले. मी बघतेय हे लक्षात येताच त्याने मूठ मिटली.

दोरी. घरातली कपडे वाळत घालायची दोरी काढून देइसीकडे ठेवून आले. ती म्हणाली, "काय झालं गं वहिनी?" मला सांगता आलं नाही. तोंडातून तो शब्द काढला तर तो खरा होईल असं वाटलं. सोमवार तीन दिवस लांब आहे.

शनिवार, २ जुलै

मार्चमधल्या इस्पितळातल्या जुन्या गोळ्या कपाटात होत्या, जास्त ताकदीच्या. नंतर डॉक्टरांनी कमी केल्या होत्या. काल संध्याकाळी दोन कुटून त्याच्या दुधाच्या कॉफीत घातल्या. आज सकाळी दोन. दुपारी दोन. फक्त सोमवारपर्यंत, त्याला शांत ठेवण्यापुरतं.

चार वाजता तो स्वयंपाकघरात आला. मान एका बाजूला वळलेली, वळलेलीच. जबडा घट्ट. डोळे वर चढलेले. जीभ जड, लाळ गळत होती. "आई," म्हणाला, नीट उमटलंही नाही, "आई, परत आलं."

आर्तेमियोने गाडी काढली. इस्पितळात त्यांनी सुई दिली आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली. तरुण डॉक्टर होता, गोळ्या जास्त झाल्या की असं होतं म्हणाला. त्याने लीबेरला विचारलं, "किती गोळ्या घेतल्यास?"

"एक. रोजची."

"खरं सांग."

"एकच घेतली."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी रोजच्या गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. त्यातल्या गोळ्या बरोबर होत्या. माझा हात स्थिर होता, हे मला आत्ता आठवतंय. डॉक्टरांनी लीबेरकडे असं बघितलं, जसं खोटं बोलणाऱ्या रोग्याकडे बघतात. चार-पाच दिवस वॉर्डात ठेवू म्हणाले.

लीबेर वाद न घालता गेला. वळून म्हणाला, "मी खरंच एकच घेतली होती. बहुतेक. आता मला आठवत नाही."

रविवार, ३ जुलै

आर्तेमियो अंगणात बसून रडला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मग बोलला. मी ओट्यावर उभी असायचे तेव्हा लीबेर मागच्या दारानं, देइसीच्या अंगणातून बाहेर पडायचा, आधी नुसता नदीवर, मग क्लबात. बाल्दोमेरोच्या होडीत हाका द्यायला. सुकाणूच्या दोऱ्यांचे वळ. खोलीत म्हणायचा तो हाकांचा सराव. सगळ्यांना माहीत होतं. आर्तेमियोला, देइसीला, बाल्दोमेरोला.

"मला का नाही सांगितलं?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, आईला कळलं तर ती बाक घेऊन येईल."

मी गेले दोन महिने रिकाम्या घरावर पहारा करत होते.

गोळ्यांचं मी आर्तेमियोला सांगितलं नाही. सांगणार होते. तोंड उघडलं आणि जेवायला काय करू असं विचारलं.

सोमवार, ४ जुलै

भेटायच्या वेळेला गेले. लीबेर पलंगावर पाय जवळ घेऊन बसला होता. त्यांनी बुटांच्या नाड्या काढून घेतल्यात.

म्हणाला, "बाल्दोमेरोला सांग, दुसरा माणूस बघा. माझं डोकं माझ्या हातात नाही. मला वाटलं होतं, आहे."

त्याच क्षणी सांगायचं होतं. शेजारच्या पलंगावरचा माणूस ऐकत होता, हे कारण मी स्वतःला दिलं. दारापर्यंत आले, परत वळले, परत निघाले. नर्सने विचारलं, काही विसरलंय का?

सांगितलं तर तो सुटेल आणि मला कधी जवळ करणार नाही. नाही सांगितलं तर तो माझ्याजवळ राहील, जन्मभर, स्वतःला वेडा समजत. हे मी लिहिलंय आणि वाचलंय. दुसरं वाक्य वाचताना क्षणभर बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

मंगळवार, ५ जुलै

शाळा सुटल्यावर नोएलियाच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सांगितलं. जुन्या गोळ्यांचं रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं. वाटलं, ओरडेल. तिने आधी वॉर्डात फोन लावला आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं, माझ्यासमोर, माझं नाव घेऊन. मग दार लावलं.

"लीबेरला तुम्ही सांगाल."

"तुम्हीच सांगा ना. तुम्हाला जमतं."

"नाही, एलिदाबाई. हे मला जमण्यासारखं नाही." खुर्ची पुढे सरकवून म्हणाली, "दोरी पाहिली तेव्हा काय वाटलं होतं?"

मी सांगितलं. तो शब्दही उच्चारला. दोन वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली की तिलाही भीती वाटली असती. आणि मग म्हणाली, "तुम्ही शेवटचं नीट कधी झोपलात?" मला हिशेब लागेना. तिने माझ्याच नावाचा कागद काढला आणि भरायला घेतला. मी म्हटलं, आजारी मी नाही. ती लिहीत राहिली.

बुधवार, ६ जुलै

सांगितलं. तो ऐकत होता. मी रडले नाही, रडले असते तर त्याला मला समजवावं लागलं असतं. नोएलियाने तेवढंच शिकवून पाठवलं होतं.

मग म्हणाला, "चार दिवस मी संपलो होतो, आई. आवाज यायची वाट बघत होतो. आले नाहीत तर वाटायचं, लपून बसलेत. तू रोज येऊन माझ्याकडे बघत होतीस."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

"आता जा."

गेले.

मंगळवार, १२ जुलै

चौदावा मंगळवार. नोएलियाने वाइन आणली नव्हती, पण कुणीतरी केक आणला. बाल्दोमेरोने मला केकचा तुकडा दिला आणि लगेच पाठ वळवली. गेल्या गटाचं काय झालं ते नोएलियाने सांगितलं. आठ घरं, वर्षभरात दोन माणसं पुन्हा इस्पितळात गेली. न शिकता चार गेली असती, असा अंदाज.

"वाचलेली दोन कोणती?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"त्यांना तरी माहीत आहे का, आपण वाचलो ते?"

"नाही. त्यांना वाटतं, काही झालंच नाही."

घरी येताना त्याचाच विचार करत होते. जे घडलं ते सगळ्या गल्लीला दिसतं. जे टळलं त्याच्यासाठी कुणाचे आभार मानायचे? आणि माझ्या घरी तर मी उलटंच केलं. नसलेलं आणलं.

लीबेर घरी आलाय. त्याच्या गोळ्या आता दवाखान्यातून त्याच्या हातात देतात, कपाटाची किल्ली त्याच्याकडे. कॉफी स्वतः करतो. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. समोर असतो, पण नसतो. नोएलियाच्या कागदावर या आठवड्याचे तास मी अकरा लिहिले. पूर्वी हे ऐकून तिने टाळ्या वाजवल्या असत्या.

रविवार, १४ ऑगस्ट

लीबेर गेला. नदीजवळ दवाखान्याने चालवलेलं एक घर आहे, तिघे मुलगे राहतात, एक बाई दिवसा येऊन बघून जाते. आर्तेमियोने गादी ट्रकमध्ये टाकली. मी चादरी शिवून ठेवल्या होत्या. त्याने त्यातली एक घेतली. एकच.

नोएलिया आता माझ्याशी दर गुरुवारी बोलते, एकटीशी. पहिल्या दिवशी मी पूर्ण तास लीबेरबद्दल बोलले. दुसऱ्या गुरुवारीही. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, "आणि तुम्ही?" मी पंख्याकडे बघत बसले. हिवाळ्यात पंखा बंद असतो.

गुरुवार, २२ सप्टेंबर

लीबेरने देइसीकडून निरोप पाठवला होता: गुरुवारी, पाच ते सहा, आई आली तर चालेल.

पाचला बरोबर पोहोचले. त्यानेच दार उघडलं. जाड झालाय थोडा. केस वाढवलेत. टेबलावर दोन पेले, त्याने स्वतः बनवलेला काढा, पहिला पेला मला दिला. हात थरथरत होता, गोळ्यांनी थरथरतो. मी बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

म्हाताऱ्यांची होडी शर्यतीत शेवटून पहिली आली म्हणाला. बाल्दोमेरोने शिव्या देत देत वल्हं मोडलं. हे सांगताना तो हसला, आणि या वेळी कशाला हसला ते मला समजलं. पुढच्या वर्षी इथल्याच शाळेत मोजणीचा छोटा अभ्यासक्रम करायचा विचार आहे. "होईलच असं नाही," म्हणाला. मी 'होईल रे' म्हणणार होते, नाही म्हटलं.

मग म्हणाला, "मी तुला माफ केलंय असं नाही."

"नाही."

"पण तू येऊन सांगितलंस. डॉक्टर मला विचारत होते तेव्हा नाही, पण सांगितलंस. नाहीतर मी अजून तिथेच असतो."

सहाला मी उठले. बस ना अजून पाच मिनिटं, असं तो म्हणेल असं वाटलं. तो पेले उचलायला लागला. पुढच्या गुरुवारीही यायचं का, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

बाहेर अजून उजेड होता. उजवीकडे आमची गल्ली, डावीकडे नदी. घरी आर्तेमियो नव्हता, कुणीच नव्हतं. दाराबाहेर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. आतून भांडी धुतल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. घरी जायची मला भीती वाटत होती, त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. हे आज पहिल्यांदा कळलं.

डावीकडे वळले, नुसतं फिरायला. परत कधी वळायचं ते ठरवलं नव्हतं.